पोवाड्यातला तिसरा चौक

माझ्या नवऱ्याने अमेरिकेतल्या आमच्या जॉर्जिया राज्यावर पोवाडा रचायला घेतला तेव्हा मी त्याला म्हणाले होते, "पोवाडा शूरांचा असतो रे. हिच्यावर फार तर माफीनामा लिहिता येईल." तो हसला. हल्ली त्याचं हसू चेहऱ्यावर उशिरा पोहोचतं, पण पोहोचतं.

तो कोल्हापूरकडचा. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलच्या गॅदरिंगमध्ये डफ हातात आला तो सुटलाच नाही. अमेरिकेला निघालो तेव्हा इतरांच्या बॅगांत लोणची-पापड होते, आमच्या बॅगेत डफ. कस्टमच्या माणसाने तो उलटासुलटा करून पाहिला, आत काही लपवलंय का म्हणून वाजवूनही बघितला, आणि ह्याने तिथल्या तिथे त्याला दोन ओळी म्हणून दाखवल्या. मी बाजूला उभी राहून देवाचा धावा करत होते.

अल्फारेटात आम्ही आलो तेव्हा इथे घोड्यांची कुरणं होती. आता किराण्याच्या दुकानात तीन ब्रँडचं मेतकूट मिळतं. मधल्या सगळ्या वर्षांत इथल्या मराठी मंडळाचा शिवजयंतीचा कार्यक्रम असो की गणपतीचा, मुलांचे नाच, वडापाव आणि शेवटी 'काकांचा पोवाडा' हा क्रम काही बदलला नाही. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला असायचा, आणि हा माइक बाजूला सारून गायचा. घरातही तो त्याच आवाजात मीठ मागायचा. शेजारच्या गोऱ्या आजीबाईंना पहिली दोन वर्षं वाटत होतं की आमची रोज भांडणं होतात. होतही होती म्हणा, पण रोज नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसले. माणूस काय म्हणतो यापेक्षा त्याच्या पेशी काय म्हणतात त्यावर माझा विश्वास. तो सिव्हिल इंजिनिअर. जॉर्जियातल्या कितीतरी ओढ्यांवर त्याने छोटे पूल बांधले आणि जाता-येता रस्त्याकडेच्या इतिहासाच्या पाट्या वाचल्या. 'इथे अमुक लढाई झाली', 'इथे तमुक छावणी होती' असल्या पाट्या. मुलगी मागच्या सीटवर भुकेने कळवळत असायची आणि हा गाडी थांबवून, चष्मा कपाळावर सारून, पाटी शेवटच्या शब्दापर्यंत वाचत असायचा. मी गाडीत बसून चडफडायचे.

मग त्याचा आवाज उतरायला लागला. सुरुवातीला फोनवर लोक दोनदा-तीनदा "हॅलो, हॅलो" करायला लागले. मी म्हणायचे, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस. त्याचं अक्षर लहान होत गेलं, ओळीच्या शेवटी तर मुंग्यांएवढं. डॉक्टर असूनही ह्या दोन अधिक दोनची बेरीज मी केली नाही. घरच्या माणसाच्या बाबतीत बहुतेक डॉक्टरांचं असंच होतं. निदान झालं, कंपवात.

आवाजासाठी एक थेरपिस्ट मिळाली. दक्षिण जॉर्जियातली, पाकात बुडवल्यासारखं बोलणारी. तिने समजावून सांगितलं की या आजारात माणसाच्या मेंदूचाच अंदाज चुकतो. त्याला वाटतं आपण ओरडतोय, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा कुजबुजतोय. उपाय एकच, रोज मोठ्याने बोलायचा सराव. माझ्या फोनवर तिने आवाज मोजणारं एक ॲप घालून दिलं. पंच्याहत्तरच्या पुढे आकडा गेला की मी अंगठा वर करून दाखवायचा, खाली आला की हाताने 'चढव, चढव' म्हणायचं. आणि मला बजावलं, काय बोलतात तिकडे लक्ष देऊ नका, नाहीतर तुम्ही अंदाजाने समजून घ्याल. आकड्याकडे बघा. आकडा हे तर माझंच शास्त्र, मला लगेच पटलं.

तिने त्याला विचारलं, तुम्हाला मोठ्याने काय म्हणायला आवडेल? तिचे बाकीचे पेशंट म्हणे कुत्र्याला हाका मारतात, नाहीतर पिझ्झाची ऑर्डर देतात. हा खुर्चीतून उठला, एक हात कानावर ठेवला, दुसरा वर केला आणि सुरू झाला. शेजारच्या खोलीतून दोन नर्सा डोकावल्या. थेरपिस्ट टाळ्या वाजवत म्हणाली, हेच, रोज हेच करा.

त्याच सुमारास मंडळाने ठरवलं की अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं होतायत, तर आपणही जुलैत एक जंगी कार्यक्रम करायचा. लेझीम, ढोल-ताशा, मुलांचं नाटुकलं. काकांचा पोवाडा अर्थात होताच. सगळे धरून चालले होते की नेहमीचाच असेल. हा मला म्हणाला, "इतकी वर्षं इथलं मीठ खाल्लं. या मातीचा एक पोवाडा नको का? आवाज आहे तोवर करतो." हा शेवटचा असणार हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. आम्ही ते पुन्हा बोललो नाही.

त्याने लायब्ररीतून पुस्तकं आणली, आणि पंचाईत झाली. पोवाड्याला एक शूर लागतो, एक दुष्ट लागतो आणि शेवटी विजय लागतो. जॉर्जियाने ह्यातलं काही नीट करूनच ठेवलं नव्हतं. तेरा वसाहतींतली ही सगळ्यांत धाकटी. नावच मुळी इंग्लंडच्या राजाचं. हिचा कारभाराचा खर्च पार्लमेंट द्यायची, आणि सीमेवरच्या मूळ रहिवाशांची धास्ती होती म्हणून राजाच्या फौजेचा आधारही हवा होता. बाकीच्या वसाहती पहिली सभा, म्हणजे काँग्रेस, भरवून बसल्या तेव्हा हिने माणूसच पाठवला नाही. स्टँपच्या ज्या करावरून इतरत्र दंगे पेटले, तो स्टँप थोडे दिवस का होईना, इथे चक्क विकला गेला.

मी व्हिडिओवर ईडन प्रेरी गावी राहणाऱ्या नातीला, लेकीच्या मुलीला, हे सांगितलं. तिच्या वर्गात नुकताच हा धडा झाला होता. ती म्हणाली, "आजी, जॉर्जिया वॉज लाइक द लास्ट किड टू जॉइन द ग्रुप प्रोजेक्ट." आजोबांना ते इतकं आवडलं की त्यांनी लगेच ते पोवाड्यात बसवलं:

*तेरा बहिणींत धाकटी, लाडाची लेक राजाची,*
*नाव बापाचं मिरवी, गोष्ट ऐका जॉर्जियाची ॥ जी रं जी जी ॥*
*बारा बहिणी जमल्या सभेला, तेरावी घरी राहिली,*
*दाराआडून कान लावुनी वाट वाऱ्याची पाहिली ॥ जी रं जी जी ॥*

पोवाड्याचे असे एकेक भाग असतात, त्यांना चौक म्हणतात. पहिला चौक हा असा हसत-खेळत झाला. शेवटी हिला अवसान येतं, दारूगोळ्याचं कोठार फोडलं जातं, राजाच्या गव्हर्नरला त्याच्याच घरात अडकवून ठेवतात, घोषणापत्रावर तिघांच्या सह्या होतात. दुसऱ्या चौकात इंग्रज सवाना शहर परत घेतात. एक गुलाम माणूस त्यांना दलदलीतली वाट दाखवतो. राजाचा गव्हर्नर पुन्हा येऊन खुर्चीत बसतो, तेरांपैकी दुसऱ्या कुठेही जे झालं नाही ते इथे होतं. आणि ज्यांना स्वातंत्र्य सगळ्यांत जास्त हवं होतं ते गुलाम पळून जातात ते इंग्रजांच्याच छावणीत, कारण ते त्यांना मिळालं तर तिथेच मिळणार होतं. चौथ्या चौकात इंग्रज गलबतं भरून निघून जातात. तिथे त्याने सवयीने लिहिलं होतं 'गेला गोरा पार'. मी म्हटलं, "अरे, दोन्हीकडे गोरेच की!" तो कपाळावर हात मारून घेऊन दोन दिवस हसत होता. मग इंग्रज शिपायांच्या लाल कोटावरून गोऱ्याचा 'लाल डगला' झाला.

राहिला तिसरा चौक. त्यात लढाई नव्हती. सवानातला एक साधा दुकानदार होता, त्याने मनाने रचलेला. आधी राजाची शपथ घेतलेला. मग बंडखोरांचं राज्य आलं, त्यांनी दारात येऊन शपथ घ्यायला लावली, ती घेतली. मग इंग्रज परत आले, पुन्हा राजाची. मग तेही गेले, पुन्हा ह्यांची. प्रत्येक वेळी हात वर, प्रत्येक वेळी शेजारी बघतायत. मी नाक मुरडलं. "गंगा गए गंगादास म्हणतात तसला माणूस. त्याचा कसला पोवाडा?"

तेव्हा तो जरा चिडला. म्हणाला, "माझे वडील संस्थानात कारकून होते. काल राजेसाहेबांना मुजरा केला, आज तिरंग्याला सलाम केला. हात तोच. त्यांना कोणी गंगादास म्हणालं नाही."

"मग त्यांना काय वाटलं होतं तेव्हा?"

"मी विचारलंच नाही कधी," तो म्हणाला, आणि पेन्सिलीला टोक करायला लागला.

त्याच्या स्वतःच्या शपथेचंही सांगायला हवं. मी नागरिकत्व मिळण्यासारखं झालं त्याच वर्षी घेऊन टाकलं. हॉस्पिटलची नोकरी, येणं-जाणं, सगळं सोपं झालं. माझ्या मनात काही कालवाकालव झाल्याचं मला आठवत नाही. तो मात्र वर्षानुवर्षं ग्रीन कार्डावर. "पुढच्या वर्षी बघू." मुलगी कॉलेजात गेली तेव्हा कुठे तयार झाला. अटलांटातल्या एका मोठ्या हॉलमध्ये शेकडो माणसं उभी होती, जगभरातली, लग्नाला आल्यासारखी नटलेली. सगळ्यांनी हात वर केले. त्या शपथेत एक वाक्य आहे, ज्या कुणा परक्या राजावर, राज्यावर आजवर निष्ठा बाळगली ती आता पूर्ण सोडतो, असं काहीतरी. मी बाजूच्या रांगेतून त्याच्याकडे बघत होते. ओठ हलत होते. तेव्हा त्याचा आवाज खणखणीत होता, तरी त्या शेकडो आवाजांत तो मला वेगळा ऐकू आला नाही. बाहेर येऊन आम्ही एका बुफेत जेवलो. "झालं एकदाचं," तो म्हणाला आणि पुन्हा भात वाढून घेतला. काय झालं एकदाचं, हे मी विचारलं नाही. संध्याकाळी मला ड्युटी होती.

वसंतात रोज सकाळी सराव व्हायचा. मागच्या डेकवर पाइनच्या परागकणांचा पिवळा थर बसलेला, तो पुसायचा, खुर्च्या मांडायच्या. तो डफ घेऊन उभा, आणि मी झीलकरी. शाहिराची ओळ संपली की मागच्यांनी 'जी रं जी जी' म्हणून ती उचलून धरायची असते, त्याला झील म्हणतात. झीलकरी नसेल तर शाहीर पुढे जाऊच शकत नाही, त्याला श्वास घ्यायला जागाच राहत नाही. मी फोन मांडीवर ठेवून बसायचे. अडुसष्ट. 'चढव, चढव.' बहात्तर. सत्त्याहत्तर! अंगठा वर. त्याचा चेहरा खुलायचा. दोन महिने हे रोज चाललं. पहिला चौक मला पाठ झाला, कारण तो मजेशीर होता. चौथा पाठ झाला, कारण त्यात चाल चढत जाते. तिसऱ्याला चाल संथ होती आणि आवाज पडायचा, म्हणून तिथे माझं सगळं लक्ष आकड्यावर. त्या चौकाच्या मला पहिल्या दोनच ओळी आठवतात:

*सवानाचा दुकानदार, मापात नाही पाप,*
*शपथ घ्यायची म्हटली की अंगात भरे ताप ॥ जी रं जी जी ॥*

पुढे काय होतं कोण जाणे. शब्दांकडे लक्ष देऊ नका असं मला सांगितलं होतं, आणि मी आज्ञाधारकपणे दिलं नाही. ह्याला चूक तरी कशी म्हणू? पण जीव जळतो.

कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी मंडळाची अध्यक्षा घरी आली. नागपूरची, एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, गुणी मुलगी. ह्याच्या आजारपणात सगळ्यात आधी डबा घेऊन आली होती ती हीच. त्याने तिला चारही चौक म्हणून दाखवले. मी आत साबुदाण्याचे वडे तळत होते, एक्झॉस्ट फॅन चालू. ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा तिचं बोलणं सुरू झालं होतं.

"काका, एक नंबर झालाय हो! काय रिसर्च केलाय तुम्ही. पण ऐका ना, आपल्याकडे स्लॉट दहाच मिनिटांचा आहे. आणि काउंटीचे कमिशनर चीफ गेस्ट आहेत. तो स्लेव्हरीचा पार्ट सेन्सिटिव्ह होतो. आणि शॉपकीपरचा चौक म्हणजे... मला अपील झाला हो, पण ऑडियन्सला वाटेल आपण लॉयल्टी बदलणाऱ्याचं कौतुक करतोय. आपण सगळे बाहेरून आलेले, आणि सध्या वातावरण कसं आहे माहितीये ना तुम्हाला. कशाला उगाच? फर्स्ट आणि फोर्थ ठेवूया?"

मी तोंड उघडलं, तर त्याने माझ्याकडे बघून हात जरासा हलवला. ती कंपाची हालचाल नव्हती. "चालेल," तो तिला म्हणाला. तिला ऐकू गेलं नाही, म्हणून त्याला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. "चालेल, बेटा."

ती गेल्यावर मी ताटल्या आपटत भांडले. कबूल का झालास, तुझा पोवाडा आहे, तिच्या बापाचा आहे का. तो माझ्या शेजारी उभा राहून एकेक ताटली पुसत होता. म्हणाला, "लोक भितात गं. तो दुकानदारही भीतच होता." एवढं मात्र मला नीट ऐकू आलं.

कार्यक्रम दणक्यात झाला. बायका नऊवारीत, पुरुषांचे फेटे लाल-पांढरे-निळे. विंगेत ढोल-ताशा पथक कंबर कसून उभं. ह्याच्या मागे झीलकरी म्हणून तीन मुलं, इथल्या युनिव्हर्सिटीत शिकणारी, पुण्या-नाशकाची. त्यांच्या हातात अध्यक्षेने टाइप करून दिलेले दोन चौक. मी पहिल्या रांगेत, फोन हातात. सवयच लागली होती.

पहिला चौक रंगला. 'काँग्रेस' शब्द आला तेव्हा म्हातारी मंडळी उगाचच खिदळली. 'दाराआडून कान लावुनी' ला टाळ्या पडल्या. आकडा पंच्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. त्याचा एक हात डफावर आणि मान ताठ, तीस वर्षांपूर्वीसारखी. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. मग चौक संपला, मुलांनी झील दिली आणि चौथ्याची लय धरली. त्याने मात्र हात वर करून त्यांना थांबवलं. एक श्वास घेतला आणि संथ चालीत सुरू केलं, "सवानाचा दुकानदार, मापात नाही पाप..."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या कागदावर हे नव्हतंच. काका विसरले, भलतीकडेच गेले, असं त्यांना वाटलं. या आजारात होतं असं, हे त्यांनाही कुणीतरी सांगितलं असणार. एकजण दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि तिघांनी मिळून, काकांची फजिती होऊ नये म्हणून, गळा काढून चौथा चौक उचलला. *गलबतं भरली, शिडं उघडली, निघाला लाल डगला!* हॉलमधून कोणीतरी आरोळी दिली, "हर हर महादेव!" आणि अख्खा हॉल पेटला. इंग्रजांना सवानातून हाकलायला महादेव आले. कमिशनरसाहेब उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. विंगेतल्या ताशावाल्याला राहवलं नाही, त्यानेही कडकडाट सुरू केला.

तो थांबला नाही. ओठ हलत होते. त्या सगळ्या गोंगाटाच्या खाली तो तिसरा चौक ओळीमागून ओळ म्हणत होता आणि डोळे माझ्याकडे होते. मी फोनकडे पाहिलं. आकडा कधी नव्हे इतका वर गेला होता. आणि मी, दोन महिन्यांच्या सवयीने, अंगठा वर केला.

त्याने तो पाहिला. शेवटच्या ओळीपर्यंत गेला, डफ खाली ठेवला आणि लवून नमस्कार केला.

नंतर मुलं पाया पडायला आली. "काका, डोन्ट वरी, आम्ही कव्हर केलं. कोणालाच कळलं नाही." त्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली. मुलांचा काय दोष? प्रेमानेच केलं त्यांनी. गाडीत मी म्हणाले, "आवाज छान लागला." आकडा कुणाचा होता ते मला तोपर्यंत कळलं होतं, तरी म्हणाले. तो खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणाला, "हं."

पुढे घरी बसवून ऐकू, निवांत रेकॉर्ड करू, असं मी मनाशी ठरवलं होतं. मुलगी येऊन गेली, पाहुणे झाले, ऑगस्ट गेला. शरदात त्याला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलातून परत आला तो कुजबुजीएवढाच आवाज घेऊन. थेरपिस्ट आता घरी येते, पाकातल्या आवाजात धीर देते, पण तिने आकड्याचं नाव काढणं सोडलंय.

मी तिसरा चौक शोधायला लागले. त्याच्या कागदांत तो आहे. पण ओळी दोन-तीन शब्दांनंतर बारीक होत जातात आणि शेवटी नुसते ठिपके उरतात. जन्मभर पेशी वाचलेली बाई मी, भिंग घेऊन बसले, तरी मला माझ्या नवऱ्याचं अक्षर लागलं नाही. तोही कागदाकडे बघून मान हलवतो, त्यालाही लागत नाही. अध्यक्षेला फोन केला. तिने पुष्कळ आठवून पाहिलं. "काकू, एंडला तो शॉपकीपर काहीतरी विचारतो, राजाला की देवाला... सॉरी काकू, मी तेव्हा टाइम बघत होते, दहा मिनिटांत बसतंय का ते." बिचारी रडायलाच लागली. मी तिला म्हटलं, अगं, मी तर त्याच्यासमोर बसून दोन महिने आकडा बघत होते.

माझ्या फोनवर ते ॲप अजून आहे. त्यात रोजच्या सरावाच्या नागमोडी रेषा आहेत. कुठल्या दिवशी आवाज चढला, कुठे पडला, सगळं दिसतं. तिसरा चौक कुठे सुरू होतो तेही मला त्या रेषेवरून सांगता येईल. त्यात आवाज तेवढा नाही. तो साठवायची सोय त्यात नव्हती, आणि मलाही सुचलं नाही.

परवा संध्याकाळी आम्ही डेकवर बसलो होतो. पुन्हा पिवळा थर बसायला लागलाय, वर्ष होत आलं. मी फोन घरातच ठेवला होता. खुर्ची त्याच्या खुर्चीला चिकटवली आणि विचारलं, "दुकानदाराचं काय झालं रे शेवटी? चौथ्यांदा शपथ घेतल्यावर?"

त्याने माझ्याकडे बघितलं. हसू हळूहळू चेहऱ्यावर आलं. एक हात कानाकडे न्यायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावर राहिला. दुसऱ्याची बोटं खुर्चीच्या हातावर वाजायला लागली, त्यातला कंप कुठला आणि ठेका कुठला ते मला ओळखता येईना. तो म्हणायला लागला. मी कान त्याच्या तोंडाशी नेला. चहाचा वास आला, श्वास आला. एकदा 'शपथ' असं वाटलं, एकदा 'आई', पण तेही नक्की नाही. आयुष्यात कुणाचं बोलणं मी इतकं जीव लावून ऐकलं नसेल. मला एकही ओळ कळली नाही.

मग तो थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. काय हवंय ते माझ्या लक्षात आलं. ओळ संपली होती, झील हवी होती.

ऐकू आलं नाही, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. पण मग तो तिथेच थांबला असता.

"जी रं जी जी," मी म्हणाले, चांगल्या मोठ्या आवाजात. त्याने मान डोलावली आणि पुढची ओळ घेतली.